अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हालचाली: तपासायच्या कधी आणि बघायचं काय

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. माझी नात २९ आठवड्यांची असताना झाली, वजन १,१८० ग्रॅम. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. डोक्याच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १ रक्तस्राव’ लिहिलं होतं, पण डॉक्टर म्हणाले फारसं काळजीचं नाही. आता ती साडेपाच महिन्यांची आहे. मान अजून पक्की नाही, पालथी पडत नाही. उभी धरली की पाय ताठ करते आणि बोटांवरच टेकवते. शेजारची मुलगी हिच्याहून पंधरा दिवसांनी लहान, ती कधीच पालथी पडायला लागली. तेल लावायला येणाऱ्या मावशी म्हणतात, पाय ओढून मोकळे करायला हवेत. भाच्याने वॉकर आणून ठेवलाय. बाळाच्या डॉक्टरांनी मात्र ‘हालचालींची तपासणी करून घ्या’ असं चिठ्ठीवर लिहिलंय. इतक्या लहान बाळाचं काय तपासणार? सहा महिने थांबलं तर चालेल का?

उत्तर:

काकू, थांबू नका. कारण सांगते, पण आधी नातीचं वय नीट मांडून घेऊ.

पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ती २९व्या आठवड्यात आली, म्हणजे ११ आठवडे लवकर. जन्माला साडेपाच महिने, सुमारे २४ आठवडे झाले. त्यातून ११ वजा करा, उरले १३. याला आम्ही दुरुस्त वय म्हणतो, आणि हालचालींच्या बाबतीत निदान दोन वर्षांपर्यंत तेच धरायचं. तुमची नात तीन महिन्यांची आहे. शेजारची मुलगी पूर्ण दिवसांची असेल, तर ती पाच महिन्यांची. दोघींची तुलनाच होत नाही. तीन महिन्यांच्या बाळाची मान थोडी डुगडुगते आणि ते पालथं पडत नाही, यात वावगं काही नाही. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. तिथे ही वजाबाकी करू नका, घराघरांत हा गोंधळ होतो.

आता थांबायचं का नाही ते. काही गोष्टी बाळाच्या आयुष्यात एका ठरावीक काळातच दिसतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल सगळ्यात जास्त सांगून जाणारी गोष्ट दुरुस्त वयाच्या साधारण ९ ते २० आठवड्यांत दिसते. सगळ्यात ठळक १२ ते १६ आठवड्यांच्या सुमारास. तुमची नात नेमकी त्या टप्प्यात आहे. सहा महिने थांबलात तर ती गोष्ट पुन्हा बघायला मिळणार नाही.

ती गोष्ट म्हणजे चुळबूळ. जागं असलेलं, पोट भरलेलं, खुशीत असलेलं तीन महिन्यांचं बाळ उताणं ठेवा आणि त्याच्याशी न बोलता नुसतं बघत बसा. मान, खांदे, मनगटं, कंबर, घोटे यांत बारीक बारीक, गोलसर हालचाली सतत चालू असतात, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. हात-पाय जोरात झाडणं वेगळं आणि ही चुळबूळ वेगळी. घरातली माणसं तिच्याकडे लक्ष देत नाहीत, कारण त्यातून बाळ काही ‘करत’ नाही. मेंदूच्या दृष्टीने मात्र ती फार मोलाची आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे डॉक्टर हाइन्झ प्रेख्टल यांनी या आपोआप होणाऱ्या हालचालींचा आयुष्यभर अभ्यास केला. १९९७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १३० बाळांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. चुळबूळ नीट दिसलेल्या ७० बाळांपैकी ६७ जणांची पुढची वाढ मज्जासंस्थेच्या दृष्टीने ठीक झाली, आणि ती न दिसलेल्या किंवा बिघडलेल्या ६० पैकी ५७ जणांत पुढे दोष निघाला. हत्यार म्हणाल तर एक कॅमेरा आणि शिकलेला डोळा, बस्स. इतक्या साध्या साधनाने इतकं नेमकं सांगणारी दुसरी तपासणी माझ्या तरी कामात नाही.

त्याआधी, अपेक्षित तारखेपासून सहा ते नऊ आठवड्यांपर्यंत, हालचाल वेगळी असते. बाळ सावकाश वळवळतं, पीळ घेतल्यासारखं, हातापायांचा क्रम सतत बदलत. या वयात आम्हाला खटकतो तो तोचतोचपणा. त्याहून जास्त खटकतं ते हात, पाय आणि धड एकाच वेळी आखडणं आणि एकाच वेळी सैल पडणं. ते आठवड्यांमागून आठवडे टिकलं तर काळजीचं. नुसता तोचतोचपणा अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खूप दिसतो, आणि त्यातली पुष्कळ बाळं तीन महिन्यांना उत्तम चुळबूळ करतात. म्हणून त्या वयातल्या एका तपासणीवरून मी पालकांना भविष्य सांगत नाही.

यासाठी व्हिडिओ घरीच काढता येतो, आणि घरचा व्हिडिओ बऱ्याचदा दवाखान्यातल्यापेक्षा चांगला निघतो. दूध पिऊन थोडा वेळ झाला की सतरंजीवर एकरंगी चादर घालून तिला उताणी ठेवा. अंगावर लंगोट आणि फार तर बिनबाह्यांचं झबलं. बडोद्याच्या मे महिन्यात हे सांगावं लागत नाही, डिसेंबरात मात्र आज्या टोपरं, मोजे, दुपटं काही काढू देत नाहीत. तेव्हा खोली आधी गरम करून घ्या. मोबाइल पायांच्या बाजूने, वरून तिरका धरा. चेहरा आणि चारही हातपाय चौकटीत आले पाहिजेत. तीन ते पाच मिनिटं पुरेत. खुळखुळा नको, चोखणी नको, ‘बघ बघ इकडे’ नको, कारण बाळाचं लक्ष कुठे खिळलं की चुळबूळ मावळते. रडताना, उचकी लागलेली असताना, झोपेत काढलेला व्हिडिओ उपयोगाचा नाही. तो बघायचा मात्र या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाने. घरी बसून ‘दिसते का, नाही दिसत’ करत बसलात तर उगाच झोप उडेल.

आता ताठ पायांबद्दल. तुमच्या पत्रात मला खरं महत्त्वाचं वाटलं ते हेच, जरी त्याचा अर्थ लगेच वाईट लावू नये.

पूर्ण दिवसांचं बाळ शेवटचे आठवडे गर्भाशयात दाटीवाटीने, हातपाय पोटाशी घेऊन काढतं. जन्मल्यावरही ते तसंच मुटकुळं करून असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती दाटी मिळतच नाही. २८ आठवड्यांच्या आसपास तर स्नायूंत ताणच नसतो. गुडघा जवळजवळ सरळ होतो, पाय बेडकासारखे पसरतात. वाकण्याचा जोर पुढे हळूहळू येतो, आधी पायांत, मग हातांत. पेटीत आठवडेच्या आठवडे उताणं पडून राहिल्याने खांदे मागे खेचले जातात, पाठ आणि मान ताणलेली राहते. (हल्ली नर्सा बाळाभोवती कापडाची गुंडाळी लावून घरटं करतात ते यासाठीच, आणि आईच्या छातीवर ठेवण्याचा हाही एक फायदा आहे.) घरी आल्यावर असं बाळ उभं धरलं की ते ताठ होतं आणि बोटांवर टेकतं. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बऱ्याच बाळांत पहिल्या वर्षात काही महिने पायांचा आणि पाठीचा ताण वाढलेला असतो आणि वर्ष-दीड वर्षाचं होईतो तो आपोआप उतरतो. तेव्हा ताठ पाय म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत राहणारा कायमचा दोष), असं समीकरण मांडू नका. पण ‘होईल आपोआप’ म्हणून सोडूनही देऊ नका, कारण सुरुवातीला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

पायांवरच इतकं लक्ष का, ते सांगते. २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांलगतचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा कमी झाला, जंतुसंसर्ग झाला, तर इजा तिथे होते. मेंदूकडून पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांना सगळ्यात जवळून जातात, हातांचे त्याच्या बाहेरून. म्हणून या बाळांत इजा झालीच तर आधी पाय कडक होतात, हात बरे राहतात. तुमच्या रिपोर्टमधला ग्रेड १ रक्तस्राव त्या मानाने लहान, पोकळीच्या कडेपुरताच असतो. मला त्यापेक्षा वेगळी माहिती हवी आहे. पांढऱ्या भागात इजा झाली तर त्यातल्या गाठीसारख्या पोकळ्या सोनोग्राफीत दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी त्या दाखवूच शकत नाही. तेव्हा नंतर, अपेक्षित तारखेच्या आसपास, टाळूवरून पुन्हा सोनोग्राफी झाली होती का, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. टाळू उघडी असेपर्यंत ती करता येते.

तपासणीत मी काय करते तेही सांगून ठेवते, म्हणजे सूनबाई घाबरणार नाहीत. आधी काहीच करत नाही, नुसतं बघते. मग उताणी, पालथी, कुशीवर, हात धरून हलकेच बसती करताना मान किती मागे राहते ते बघते. मग कोन मोजते: मांड्या किती फाकतात, गुडघा किती उघडतो, पाऊल नडगीकडे किती वाकतं, हात छातीवरून पलीकडे किती जातो. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आमिएल-तिसों यांची ही पद्धत आपल्याकडच्या नवजात विभागांतून सर्रास वापरतात. पहिल्या तीन महिन्यांत मांड्यांचा कोन ४० ते ८० अंश असतो, चार ते सहा महिन्यांत ७० ते ११०, आणि वर्षाच्या आसपास १३० ते १५०. गुडघ्यामागचा कोन ८०-१०० वरून वर्षात १५०-१७० वर जातो. म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाचं वाकलेपण पहिल्या वर्षात हळूहळू सैल होत जातं. तसं न होता कोन अडकून राहिला, किंवा उजवा-डावा वेगळा निघाला, तर आम्ही कान टवकारतो.

हे मोजण्यात एक मेख आहे. या वयात मान ज्या बाजूला वळली त्या बाजूचा हात-पाय सरळ होतो आणि दुसऱ्या बाजूचा वाकतो. डोकं वळलेलं असताना कोन मोजले की निरोगी बाळाच्याही दोन बाजू वेगळ्या निघतात. म्हणून डोकं मधोमध धरूनच मोजायचं. पाऊलही आधी सावकाश वाकवायचं, मग झटकन. सावकाश पूर्ण वाकतं आणि झटक्याने वाकवलं की मधेच अडतं, असं झालं तर ताण खरा आहे. भुकेलं, रडणारं बाळ सगळीकडे कडकच लागतं आणि झोपाळू बाळ सगळीकडे सैल. तशा अवस्थेत कुणी दोन मिनिटांत पाय हलवून ‘टाइट आहे’ म्हणालं, तर त्या शेऱ्याला फार वजन देऊ नका.

याच्या जोडीला आम्ही हॅमरस्मिथची तपासणी करतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डुबोविट्झ पती-पत्नींच्या कामातून ती आली. दोन महिने ते दोन वर्षं या वयासाठी २६ मुद्दे: नजर, गिळणं, बसण्या-पडण्याची ठेवण, हालचाली, ताण, प्रतिक्षिप्त क्रिया. कमाल गुण ७८. तीन महिन्यांना ५७च्या खाली, किंवा सहा महिन्यांपासून पुढे ७३च्या खाली गेलं, तर शंका बळावते. चुळबुळीचा व्हिडिओ, ही तपासणी आणि मेंदूचं चित्र, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांच्या आतही सेरेब्रल पाल्सीचं निदान किंवा किमान ‘मोठी जोखीम’ सांगता येते. २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तशी मार्गदर्शक सूचनाच प्रसिद्ध केली. पूर्वी लोक दीड-दोन वर्षांपर्यंत ‘वाट बघू’ म्हणायचे आणि मेंदू जेव्हा सगळ्यात लवचीक असतो तो काळ हातचा जायचा.

याशिवाय टिम्प ही लहान बाळांच्या हालचालींची चाचणी आहे, ती गर्भापासून मोजलेल्या ३४ आठवड्यांच्या बाळापासून अपेक्षित तारखेनंतरच्या १७ आठवड्यांपर्यंत चालते. अल्बर्टाची मापनी आहे, ५८ हालचाली, बाळाला जवळजवळ हात न लावता नुसतं बघून गुण द्यायचे. तिचे आकडे कॅनडातल्या बाळांवरून काढलेले आहेत, आणि अपुऱ्या दिवसांची बाळं दुरुस्त वय धरूनही तिच्यात थोडी मागे दिसतात. त्या आकड्याने मी कुणाला घाबरवत नाही. दोन तपासण्यांमध्ये तो वर चढतो की घसरतो, एवढं बघते.

आणि एक आपल्या गावचं. भारतीय बाळांची हालचाल आणि समज कोणत्या वयात कुठवर येते, याची पहिली भरवशाची मापं बडोद्यात तयार झाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत प्रमिला फाटक यांनी इथल्या बाळांना एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंत वारंवार तपासून ती मांडली, १९७० मध्ये. त्यावरून पुढे ‘दासी’ ही मापनी झाली, हालचालींचे ६७ आणि समजेचे १६३ मुद्दे असलेली. केरळच्या त्रिवेंद्रमची १७ मुद्द्यांची झटपट चाळणीसुद्धा याच ‘बडोदा नॉर्म्स’वरून निवडलेली आहे. देशभरातल्या वॉर्डांत ही नावं घेतली जातात आणि आपल्या रावपुऱ्यात कुणाला माहीत नसतं, याची मला जरा खंत वाटते. नात दुरुस्त सहा महिन्यांची झाली की ‘दासी’ करून घेऊ. हालचालींचा भागांक (वयाच्या मानाने काढलेला आकडा) ७० किंवा त्याखाली आला तर विलंब धरायचा.

मावशींबद्दल. तेल लावू द्या, हलक्या हाताने. पाय ओढणं, टाच कानाला लावणं, एका हाताने उलटं धरणं हे सगळं आजपासून बंद. ज्याचा ताण वाढलेला आहे तो स्नायू ओढला की उलट आणखी आखडतो, आणि या बाळांची हाडंही बऱ्याचदा ठिसूळ असतात. मावशी ऐकत नसतील तर माझं नाव सांगा, मी वाईट व्हायला तयार आहे.

वॉकर दुकानात परत द्या. कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली, कारण त्यातून अपघात होतात आणि चालायला शिकण्याला मदत काहीच होत नाही. तुमच्या नातीसारख्या बाळाला तर तो बोटांवर ढकलायची सवयच लावेल. तिला उभी धरणं, मांडीवर नाचवणं हेही सध्या नको. घोडियामध्येही (झोळीच्या पाळण्यात) दिवसभर ठेवू नका. झोळीत बाळाचं अंग वाकतं हे बरं दिसतं, पण हलायला तिथे जागा नसते. जागी असेल तेव्हा ती जमिनीवर हवी.

जमिनीवर काय करायचं? दिवसातून अनेकदा, दोन-चार मिनिटं, पालथी. रडत असेल तर जमिनीऐवजी आईच्या किंवा तुमच्या छातीवर, तुम्ही आरामात मागे टेकून. मान उचलून तोंड बघायला मिळालं की ती जास्त वेळ टिकते. कुशीवर ठेवून पाठीला गुंडाळलेलं दुपटं लावा, म्हणजे दोन्ही हात आपोआप समोर एकत्र येतात. मागे खेचलेल्या खांद्यांसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. चेहरा आणि खुळखुळा नेहमी मधोमध, छातीच्या वर. तिने स्वतः हलायला हवं, आपण तिला हलवून फार काही साधत नाही. झोपवताना मात्र उताणीच.

या गोष्टी दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता या: एकच हात वापरते, दुसरी मूठ सतत मिटलेली (वर्षाच्या आत बाळ ‘डावखुरं’ नसतं), दुरुस्त चार महिन्यांनंतरही उचलताना मान पूर्ण मागे पडते, लंगोट बदलताना पाय एकमेकांवर कात्रीसारखे चढतात, दूध पिताना वारंवार ठसका लागतो, आधी करत असलेली गोष्ट करेनाशी होते. दुरुस्त नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसली नाही तरीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापांत, ज्यांत भारतातली बाळंही होती, बिनआधार बसणं साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांत येतं आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. रांगण्यावर मी अडून बसत नाही. त्याच अभ्यासात ४.३ टक्के बाळं रांगलीच नाहीत आणि थेट चालली.

पहिली तपासणी या पंधरवड्यात करू. ती चांगली निघाली तरी दुरुस्त सहा, नऊ, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांना पुन्हा यायचं. फार लवकर झालेल्या मुलांत मोठा दोष नसला तरी शाळेच्या वयात बटणं लावणं, चेंडू झेलणं, अक्षर यांत अडखळ दिसू शकते, म्हणून पाच वर्षांपर्यंत अधूनमधून बघितलेलं बरं. खर्चाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लवकर उपचाराची सरकारी केंद्रं आहेत, तिथे ही तपासणी विनामूल्य होते. संकोच करू नका.

येताना डिस्चार्ज कार्ड, डोक्याच्या सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाल्याचे कागद आणा. नजर किंवा ऐकणं कमी असेल तर हालचाली त्यामुळेही मागे पडतात, आणि दोष पायांत शोधत बसतो आपण. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी काढलेले व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा. दूध पाजल्यावर तासाभराने पोहोचाल अशी वेळ घ्या. त्या दिवशी तेल-अंघोळ संध्याकाळवर ढकला, नाहीतर ती रिक्षातच झोपेल आणि झोपलेल्या बाळाचं मला काहीच बघता येणार नाही.